पेंग्विनच्या पिसात पारा कसा सापडतो, आणि आपल्या तलावावरच्या पिसांतून तसे काही कळू शकेल का?

तलावकाठ_गुरुजी (ता. नागभीड, जि. चंद्रपूर)

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी गावातील शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. गावाला लागून जुना मालगुजारी तलाव आहे, ज्याला आम्ही मामा तलाव म्हणतो. पावसाळ्यात त्याच्या पाळीवरील चिंचेच्या झाडांवर गायबगळे आणि ढोकऱ्या मोठ्या संख्येने घरटी करतात आणि झाडाखाली पडलेली पिसे मुले उचलून आणतात. प्रदूषणाचा धडा चालू असताना मी सांगितले, की अंटार्क्टिकातील पेंग्विन आणि आर्क्टिकमधील समुद्रपक्षी यांच्या पिसांत शास्त्रज्ञ पारा, शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंचे प्रमाण मोजतात आणि त्यावरून तेथील समुद्राची स्थिती जाणून घेतात. त्यावर एका मुलीने विचारले, "गुरुजी, तिथे कारखाना नाही, गाड्या नाहीत, शेतात फवारणी नाही, मग पेंग्विनच्या अंगात पारा घातला कोणी?"

वाऱ्याबरोबर प्रदूषण दूरवर जाते, एवढे मी तिला सांगितले. परंतु त्या उत्तराने तिचे समाधान झालेले दिसले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. धातू ध्रुवापर्यंत नेमके कोणत्या वाटेने पोहोचतात, रक्त किंवा मांस न तपासता पीसच का निवडले जाते, आणि त्या पिसातील आकडा कितपत विश्वासाचा असतो, हे कोणी सविस्तर समजावून सांगितले तर मी ते वर्गात मांडू शकेन. शेवटचा प्रश्न माझ्या मनातला आहे. आमच्या जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, औष्णिक वीजकेंद्र आहे. आमच्या तलावावरच्या पिसांवरून येथील पाण्याविषयी काही कळू शकेल काय?

---

रसायन_ताई (नागपूर, मूळ गाव वणीजवळ)

गुरुजी, नमस्कार. मी एका प्रयोगशाळेत धातूंच्या विश्लेषणाचे काम करते, त्यामुळे रसायनाचा भाग मी सांगते. पक्ष्यांचा भाग येथील पक्षीनिरीक्षकांनी सांगावा, कारण त्याशिवाय माझ्या यंत्रातून निघालेल्या आकड्याला काहीच अर्थ नसतो.

तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर पाऱ्याच्या एका गुणधर्मात आहे. हा धातू साध्या तापमानाला द्रवरूप असतो आणि त्याची वाफ होते. ती वाफ हवेत काही महिने, कधी वर्षभरही टिकून राहते आणि तेवढ्या अवधीत पृथ्वीच्या कोणत्याही टोकाला पोहोचू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ सालच्या अहवालानुसार २०१५ मध्ये मानवी उद्योगांतून सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला. त्यातील सुमारे ३८ टक्के वाटा हाताने सोने काढणाऱ्या लहान खाणींचा होता, कारण तेथे सोने वेगळे करण्यासाठी पारा वापरतात आणि नंतर तो तापवून उडवून लावतात. कोळसा जाळण्याचा वाटा सुमारे २१ टक्के होता. आपल्या भागातील कोळशातही थोडा का होईना पारा असतोच, म्हणून ध्रुवावर पोहोचलेल्या पाऱ्यात आपला काहीही हात नाही असे आपल्याला म्हणता येणार नाही.

ध्रुवीय प्रदेशात पुढे जे घडते, ते मुलांना अवश्य सांगा. तेथे हिवाळाभर अंधार असतो. वसंतात सूर्य परत उगवू लागला, की समुद्री बर्फावरील क्षारांतून ब्रोमीन मोकळे होते आणि हवेतील पाऱ्याच्या वाफेशी त्याची अभिक्रिया होते. काही तासांत किंवा दिवसांत हवेतील पारा जवळपास नाहीसा होतो आणि बर्फावर उतरतो. कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील अलर्ट या ठिकाणी १९९५ मध्ये हे प्रथम लक्षात आले. त्यातील बराचसा पारा उन्हाने पुन्हा हवेत जातो. परंतु उरलेला बर्फ वितळताना समुद्रात मिसळतो. समुद्रात, विशेषतः ऑक्सिजन कमी असलेल्या थरांत, जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात, म्हणजे पाऱ्याच्या एका सेंद्रिय संयुगात, रूपांतर करतात आणि खरा धोका तेथून सुरू होतो, कारण हे संयुग सजीवांच्या शरीरात शिरल्यावर सहजासहजी बाहेर पडत नाही. सूक्ष्म प्लवकांतून क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या जीवात, क्रिलमधून माशात, माशातून पक्ष्यात, अशा प्रत्येक पायरीला त्याचे प्रमाण वाढत जाते.

शिशाची वाट वेगळी आहे. ते बारीक धूलिकणांबरोबर वाऱ्याने जाते. अंटार्क्टिकाच्या बर्फाचे खोलवरून काढलेले स्तंभ तपासले असता १८८९ च्या सुमारास तेथे औद्योगिक शिसे पोहोचल्याचे दिसले, आणि शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, ते ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलच्या खाणीचे असल्याचे ओळखता आले. ॲमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो डिसेंबर १९११ मध्ये. म्हणजे त्या ध्रुवावर माणसाचे पाऊल पडण्यापूर्वी वीसेक वर्षे माणसाच्या खाणीतील शिसे त्या खंडावर पोहोचलेले होते.

आता पीसच का, ते सांगते. पीस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते आणि त्यात गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर असतात. पाऱ्याला गंधकाची मोठी ओढ असते. पीस वाढत असताना त्याच्या मुळाशी रक्तपुरवठा चालू असतो आणि त्या दिवसांत रक्तात असलेला मिथाइल पारा केराटिनला घट्ट बांधला जातो. पीस पूर्ण वाढले की रक्तपुरवठा बंद होतो. कणगीत धान्य भरून तिचे तोंड शेणामातीने लिंपून टाकावे, तसे हे आहे: नंतर आत काही पडत नाही आणि आतले बाहेर येत नाही, बाहेरून धूळ मात्र बसू शकते. पक्ष्याच्या दृष्टीने पीस हा पारा शरीराबाहेर टाकण्याचा मोठा मार्गही आहे, कारण शरीरातील पाऱ्याचा बराच मोठा भाग पिसांत जातो आणि पीस झडले की त्याच्याबरोबर निघून जातो. रक्तातील आकडा अलीकडच्या काही आठवड्यांचा आहार सांगतो, आणि यकृत किंवा मूत्रपिंड तपासायचे तर पक्षी मेलेला असावा लागतो. पिसासाठी पक्ष्याला मारावे लागत नाही, ते शीतपेटीशिवाय कागदी पाकिटात राहते आणि वर्षानुवर्षे खराब होत नाही. ज्या ठिकाणी वर्षातून एकदाच जहाज येते, तेथे ही सोय फार मोलाची ठरते.

परंतु बाहेरून बसणारी धूळ विसरून चालत नाही. प्रयोगशाळेत पीस प्रथम ॲसिटोनने व आयनविरहित पाण्याने आळीपाळीने धुतात, मंद उष्णतेवर वाळवतात, मग कात्रीने बारीक कापतात. कोरड्या पिसाचे तुकडे स्थिर विजेमुळे बशीला, चिमट्याला, हातमोज्याला चिकटतात आणि काही मिलिग्रॅमचे वजन करताना खरोखर परीक्षा पाहतात. पाऱ्यासाठी थेट तापवून मोजणारे यंत्र असते; इतर धातूंसाठी पीस नायट्रिक आम्लात पूर्ण विरघळवून प्लाझ्मावर चालणाऱ्या वस्तुमान-वर्णपटमापकात, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, घालतात. प्रत्येक खेपेला प्रमाण ठाऊक असलेला प्रमाणित नमुनाही सोबत मोजतात. यंत्राने त्याचे उत्तर बरोबर दिले, तरच पिसाचे उत्तर ग्राह्य धरतात.

धुतल्यानंतरही सर्व धातूंवर सारखा विश्वास ठेवता येत नाही. पाऱ्याच्या बाबतीत पीस उत्तम साक्षीदार आहे. शिशाच्या बाबतीत पिसावरील बराचसा भाग हवेतून किंवा धुळीतून बसलेला असू शकतो आणि तो धुण्याने पूर्णपणे निघत नाही. कॅडमियम मुख्यतः मूत्रपिंडात साठते, पिसात अगदी थोडे उतरते. शिवाय दक्षिण महासागरातील काही जीवांत, क्रिलमध्येसुद्धा, कॅडमियम नैसर्गिकरीत्याच बरेच असते. "पेंग्विनमध्ये कॅडमियम सापडले" एवढ्या बातमीवरून तेथे प्रदूषण झाले असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरते. ही गोष्ट बातम्यांत फार क्वचित लिहिली जाते आणि मला ती मनापासून खटकते.

---

बांधावरचा_पक्षीमित्र (नवेगावबांध परिसर, जि. गोंदिया)

ताईंनी पीस तोंड लिंपलेल्या कणगीसारखे असल्याचे सांगितले. मी त्याच्या पुढचा प्रश्न घेतो: ते कोणत्या महिन्यात आणि कोणत्या पाण्यावर भरले गेले? हे ठाऊक नसेल, तर यंत्राने दिलेला आकडा कितीही अचूक असला तरी तो कोठला आणि केव्हाचा, हे सांगता येत नाही. पक्षी जुनी पिसे टाकून नवी केव्हा व कोठे आणतो, याचा अभ्यास या सर्व कामाचा पाया आहे, आणि माझ्या मते पिसांवरील कामातील बहुतेक गोंधळ येथेच होतो.

पेंग्विन या कामाला सोयीचे का, तेही यावरून कळते. बहुतेक पक्षी एकेक-दोनदोन पिसे टाकत महिनोन्महिने पालट करतात. पेंग्विन मात्र सर्व अंगावरची पिसे एकदम बदलतो. ॲडेली पेंग्विन उन्हाळ्याच्या अखेरीस, साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फावर दोन-तीन आठवडे उभा राहतो. जुनी पिसे चिंध्यांसारखी लोंबत असतात, अंगात पाणी शिरेल म्हणून त्याला समुद्रात उतरता येत नाही आणि तेवढे दिवस तो उपाशी राहतो. मागील पालटापासून वर्षभरात अंगात साठलेला पारा त्या थोड्या दिवसांत सर्व पिसांत वाटला जातो. तो उडत नाही, दक्षिण महासागर सोडून जात नाही. म्हणून त्याचे कोणतेही पीस घेतले तरी ते साधारणपणे त्याच समुद्रातील एका वर्षाची गोष्ट सांगते.

उडणाऱ्या पक्ष्यांत असे नसते. पंखातील मोठी पिसे क्रमाने येतात. पालट सुरू होताना अंगात साठलेला पारा भरपूर असतो, म्हणून पहिल्या पिसात तो जास्त उतरतो आणि शेवटच्या पिसापर्यंत साठा कमी होत गेलेला असतो. एकाच पक्ष्याच्या एकाच पंखातील दोन पिसे त्यामुळे वेगवेगळा आकडा देतात. इंग्लंड-स्कॉटलंडकडील संशोधकांनी १९८६ मध्येच हे दाखवून दिले होते. तेव्हापासून अंगावरची लहान पिसे अनेक घेऊन एकत्र मोजणे अधिक योग्य मानले जाते.

आर्क्टिकमधील लिटल ऑक या मुठीएवढ्या पक्ष्यावरचे काम मला या विषयातील सर्वांत सुंदर वाटते. हा पक्षी वर्षात दोनदा पिसे पालटतो. विणीनंतर जवळपास सर्व अंगाची पिसे नवी येतात, त्यामुळे अंगावरची पिसे उन्हाळ्यातील आहाराचा हिशेब ठेवतात. वसंतात पुन्हा फक्त डोक्या-मानेची पिसे बदलतात आणि त्यांत हिवाळ्याचा हिशेब असतो. पूर्व ग्रीनलंडमध्ये वीण करणाऱ्या पक्ष्यांची ही दोन्ही प्रकारची पिसे ताडून पाहिली, तेव्हा हिवाळ्यातील पारा उन्हाळ्याच्या सुमारे साडेतीन पट निघाला. हे पक्षी हिवाळा वायव्य अटलांटिक महासागरात, न्यूफाउंडलंडच्या आसपास काढतात. म्हणजे ग्रीनलंडच्या घरट्यावर बसलेल्या पक्ष्याने तो पारा मुख्यतः तेथे घेतलेला नव्हता. ज्या माद्यांच्या डोक्याच्या पिसांत पारा जास्त होता, त्यांची अंडी लहान होती. एका पक्ष्याच्या अंगावरच्या दोन प्रकारच्या पिसांनी दोन ऋतू आणि दोन समुद्र वेगळे करून दाखवावेत, ही साधी गोष्ट नाही.

दक्षिणेकडील स्कुआ हा शिकारी पक्षी याच कारणाने फसवा ठरू शकतो. दक्षिणध्रुवीय स्कुआ वीण अंटार्क्टिकात करतो, परंतु त्यांतील बरेच पक्षी हिवाळ्यात विषुववृत्त ओलांडून उत्तरेच्या महासागरांत जातात. अंटार्क्टिकातील भारताच्या भारती संशोधन केंद्राजवळ, लार्समन टेकड्यांत, स्कुआचे मोठे पंखपीस सापडले तर ते कदाचित उत्तर गोलार्धातील समुद्राविषयी बोलत असेल. यावर उपाय म्हणून पिल्लांची पिसे घेतात, कारण पिल्लू उडू लागण्यापूर्वी जे काही खाते ते आईबापांनी जवळपासच्या पाण्यातून आणलेले असते. दक्षिण हिंदी महासागराच्या बाजूने ॲडेली लँड, केर्गेलेन, क्रोझे आणि ॲमस्टरडॅम बेट अशा ठिकाणच्या स्कुआच्या पिल्लांची पिसे तपासली, तेव्हा अंटार्क्टिकाच्या काठावर पारा सर्वांत कमी आणि उत्तरेकडे, उष्ण पाण्याच्या दिशेने, वाढत गेलेला दिसला.

गुरुजी, आता तुमच्या तलावाचे. हिवाळ्यात आपल्याकडे पट्टकादंब हंस येतात, ज्यांच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. समजा, जानेवारीत तुमच्या मुलांना पाळीवर त्याचे लांब पंखपीस सापडले. हा हंस तिबेट-मंगोलियाकडे वीण करतो आणि तेथेच उन्हाळ्यात उडण्याची सर्व पिसे एकदम टाकून नवी आणतो. त्या पिसात पारा सापडला तर तो नागभीडचा नव्हे, हजारो किलोमीटर दूरच्या तळ्याचा असेल. याउलट चिंचेवरच्या ढोकरीचे पिल्लू तुमच्या तलावातील मासे आणि धानाच्या बांध्यांतील बेडूक खाऊनच वाढते. वाढत्या पिसाची नळी निळसर-काळी दिसते, कारण आत रक्त असते. पूर्ण वाढ झाली की ती पांढरट व कोरडी होते आणि पिल्लांच्या ताज्या पिसांच्या बुडाशी वेष्टनाचा पापुद्रा बरेचदा शिल्लक राहतो. मुलांना हा फरक भिंगातून सहज दिसेल. तुमच्या पाण्याविषयी काही कळायचे असेल, तर ते अशा पिसातून कळेल.

---

पऱ्हाटी (जि. यवतमाळ)

गुरुजी, ताई आणि भाऊ, तिघांचेही लेखन दोनदा वाचले. मी कापूस-तूर करणारा शेतकरी आहे, पक्ष्यांचा अभ्यासक नाही. परंतु बीजप्रक्रियेच्या औषधांविषयी वाचताना स्वीडनचा उल्लेख आढळला होता. तेथे धान्याच्या बियाण्याला पाऱ्याचे औषध चोळून पेरणी करत असत, त्यामुळे दाणे टिपणारे पक्षी आणि त्यांना खाणारे शिकारी पक्षी मरू लागले, आणि हे सिद्ध झाले ते संग्रहालयातील जुन्या पक्ष्यांच्या पिसांवरून. आपल्याकडेही उसाच्या बेण्याला व बटाट्याला पाऱ्याचे औषध लावत असत आणि त्यातील मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड या औषधावर आपल्या देशात २०१८ मध्ये बंदी आली, म्हणून हा विषय मला दूरचा वाटत नाही.

माझी शंका अशी आहे. संग्रहालयात पक्षी भरून ठेवताना कीड लागू नये म्हणून त्यावर विषारी औषधे लावत असत, त्यांत पाराही असे, असे ऐकून आहे. मग शंभर वर्षांपूर्वीच्या पिसात सापडलेला पारा पक्ष्याचा की संग्रहालयाचा, हे कसे ठरवतात? आणि ध्रुवीय पक्ष्यांबाबत असे जुने पुरावे आहेत काय?

---

रसायन_ताई

दादा, तुमची शंका अगदी रास्त आहे, आणि या कामातील सर्वांत अवघड अडचणींपैकी ती एक आहे.

स्वीडनची हकीकत तुम्ही सांगितली तशीच आहे. तेथील संग्रहालयातील पक्ष्यांच्या पिसांत पाऱ्याचे प्रमाण सुमारे शंभर वर्षे फारसे बदललेले नव्हते आणि १९४० नंतर ते एकाएकी चढले. बियाण्याला मिथाइल पारा लावण्यास १९६६ मध्ये बंदी झाली आणि त्यानंतर पक्ष्यांतील प्रमाण उतरू लागले. धोरण बदलल्याचा परिणाम पिसात दिसला, म्हणून मी हे उदाहरण ध्रुवीय उदाहरणांइतकेच महत्त्वाचे मानते.

संग्रहालयात वापरलेला पारा बहुतेक क्लोराइडच्या, म्हणजे असेंद्रिय रूपात असे. त्याच्या जोडीला आर्सेनिकही वापरले जाई. पक्ष्याने आहारातून घेतलेला आणि पिसात गेलेला पारा मात्र जवळपास सर्वच्या सर्व मिथाइल रूपात असतो. म्हणून जुन्या पिसात एकूण पारा न मोजता फक्त मिथाइल पारा वेगळा काढून मोजतात. पॅसिफिकमधील काळ्या पायांच्या अल्बट्रॉसच्या १८८० ते २००२ या काळातील पिसांवर असेच काम झाले, आणि जुन्या नमुन्यांत असेंद्रिय पारा भरपूर आढळला, जो संग्रहालयातूनच आलेला होता. एकूण पारा मोजून थांबले असते, तर पूर्वी प्रदूषण जास्त होते आणि आता कमी झाले, असा नेमका उलटा निष्कर्ष निघाला असता.

आर्क्टिकमधील सर्वांत धक्कादायक पुरावा आयव्हरी गल या पांढऱ्याशुभ्र कुरव पक्ष्याचा आहे. हा पक्षी समुद्री बर्फाच्या काठाने राहतो, मासे आणि मेलेल्या प्राण्यांचे मांस खातो. कॅनडाचा आर्क्टिक भाग आणि पश्चिम ग्रीनलंड येथील, १८७७ ते २००७ या काळातील संग्रहालयीन नमुन्यांच्या पिसांतील मिथाइल पारा मोजला, तेव्हा तो त्या १३० वर्षांत ४५ पट वाढलेला आढळला. पक्ष्याने आहार बदलला, तो अधिक वरच्या पायरीवरचे भक्ष्य खाऊ लागला, म्हणून ही वाढ झाली असेल, अशी शंका कोणीही घेईल. त्यासाठी त्याच पिसांतील नायट्रोजन व कार्बन यांचे समस्थानिक तपासले, कारण त्यांच्या प्रमाणावरून पक्ष्याचा आहार कळतो. त्यांवरून आहारात तसा बदल दिसला नाही. म्हणजे वाढ समुद्रातल्या पाऱ्याची होती. कॅनडात या पक्ष्याची संख्या १९८० च्या दशकापासून ८० टक्क्यांहून अधिक घटली आहे. ती घट केवळ पाऱ्यामुळे झाली असे म्हणता येत नाही, कारण समुद्री बर्फही कमी होत आहे. परंतु आधीच संकटात असलेल्या पक्ष्याच्या अंगावर हा भार आणखी पडला आहे, आणि ते वाचल्यावर मन स्वस्थ राहत नाही.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगते. पिसाच्या एका ग्रॅममागे ५ मायक्रोग्रॅम पारा हा अनेक पक्ष्यांत प्रजननावर परिणाम दिसू लागण्याचा ढोबळ उंबरठा म्हणून वापरतात. ॲडेली पेंग्विनच्या पिसात हे प्रमाण बहुधा १ च्या आसपास किंवा त्याहून कमी आढळते. भटक्या अल्बट्रॉसच्या पिसात मात्र ते २० च्याही वर जाते, कारण तो दीर्घायुषी आहे, माखली-म्हाकुळासारखे भक्ष्य खातो आणि त्याची सर्व पिसे बदलायला एकाहून अधिक वर्षे लागतात. एकच उंबरठा सर्व जातींना लावणे त्यामुळे बरोबर नाही. एका जातीची तुलना त्याच जातीशी, त्याच प्रकारच्या पिसाशी आणि त्याच वयाच्या पक्ष्याशी करावी.

---

तलावकाठ_गुरुजी

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनःपूर्वक आभार. शिशाची गोष्ट मी वर्गात सांगितली, तेव्हा मुले बराच वेळ त्यावरच बोलत राहिली. त्यांच्याकडून एक प्रश्न आला आहे: अंटार्क्टिकात आता अनेक देशांची केंद्रे आहेत, आपलीही मैत्री आणि भारती आहेत, तेथे डिझेल जळते, वाहने चालतात. मग पिसात सापडणारा धातू दूरचा की तेथल्या केंद्राचा, हे कळते काय? आणि आम्ही शाळेतर्फे ढोकरीची पडलेली पिसे गोळा करून ताईंसारख्या कोणाकडे पाठवली, तर ते नियमात बसते काय?

---

बांधावरचा_पक्षीमित्र

केंद्रांचा प्रश्न मुलांनी बरोबर पकडला. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळील किंग जॉर्ज बेटावर अनेक देशांची केंद्रे दाटीने आहेत. द्वीपकल्पाच्या वेगवेगळ्या भागांतील पेंग्विनच्या पिसांची तुलना झाली, तेव्हा या बेटावरील पक्ष्यांत क्रोमियम, शिसे यांसारख्या काही धातूंचे प्रमाण अधिक दिसले. जवळच्या डिसेप्शन बेटावरही काही धातू जास्त होते. परंतु ते बेट म्हणजे जिवंत ज्वालामुखी आहे, तेव्हा तेथे निसर्गाचा वाटाही धरावा लागतो. पारा दूरवरून येऊन सर्वत्र पसरतो आणि केंद्राजवळ-केंद्रापासून दूर असा फरक त्यात ठळक नसतो; शिसे-क्रोमियममध्ये स्थानिक फरक दिसला, तर इंधन, रंग, बॅटऱ्या, जुना कचरा यांकडे पाहावे लागते. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठी झालेल्या १९९१ च्या माद्रिद करारानंतर केंद्रांचा कचरा परत नेण्याचे नियम कडक झाले आहेत आणि तेथील पक्ष्यांना हात लावण्यासाठीही परवाना लागतो. आपल्या देशाने त्यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र अंटार्क्टिक कायदा केला.

आपल्याकडील नियमही तितकेच गंभीरपणे घ्या. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली वन्य पक्ष्यांना संरक्षण आहे, आणि मोराची आपोआप गळलेली पिसे सोडली तर वन्य पक्ष्यांची पिसे बाळगणे किंवा पाठवणे परवानगीशिवाय करू नये. मुलांनी घरट्यांच्या झाडावर चढणे तर कोणत्याही कारणाने होऊ देऊ नका. पिल्ले घाबरून खाली पडतात. तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या, त्यात शाळा, जागा, पक्ष्याची जात आणि उद्देश लिहा. नमुन्यांसाठी वरून, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाकडून परवानगी यावी लागेल. एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला सोबत घेतलेत तर काम सुकर होईल.

परवानगी येईपर्यंत मुलांनी पिसे जागेवरच ठेवून निरीक्षण करावे. कोणत्या महिन्यात कोणत्या पक्ष्याची पिसे पडतात, ती पंखाची की अंगाची, नळी कोरडी आहे की काळसर, याची नोंद आपल्या तलावांवर नीट झालेलीच नाही. पुढे कोणी धातू मोजायला आला, तर ही नोंदवही त्याला प्रथम लागेल.

---

रसायन_ताई

पक्षीमित्रांशी मी पूर्ण सहमत आहे. परवानगी मिळाल्यावर एक गोष्ट मात्र आधीपासून पाळा. वीजकेंद्राच्या किंवा कोळशाच्या धुळीचा परिणाम पाहायचा असेल, तर एकाच तलावावरची पिसे पुरणार नाहीत. वीजकेंद्रापासून दूरच्या, भंडारा-गोंदियाकडील एखाद्या तलावावरच्या त्याच जातीच्या, त्याच वयाच्या पिल्लांची पिसेही त्याच हंगामात घ्यावी लागतील. तलावातील मासळी आणि गाळ यांचे नमुने जोडीला असले, तर पिसातील पारा कोठून आला हे अधिक खात्रीने सांगता येईल. शिशाच्या आकड्यावर मात्र आपल्या भागातील धूळ पाहता मी एकट्या पिसावरून काहीही म्हणणार नाही.

प्रत्येक पक्ष्याची पिसे वेगळ्या, कोऱ्या कागदी पाकिटात ठेवावीत. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, कारण शाईतून धातू लागू शकतात. पाकिटावर जात, झाड, गाव, तारीख आणि पीस अंगावरचे की पंखातले, एवढे शिसपेन्सिलीने लिहावे. तिच्या नावात शिसे असले तरी आत ग्रॅफाइट असते, तेव्हा मुलांनी त्याची काळजी करू नये. अर्जाचा मसुदा तयार झाला की येथे टाका, त्यातील रसायनाचा परिच्छेद मी लिहून देईन.